आपल्याच माणसांत राहा गं!

परदेशी निघालेल्या पोरीला काय काय द्यावं, याची यादी आपल्याकडे कधी संपतच नाही. माझी भाची, म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी, २०२४ च्या सप्टेंबरात स्पेनला शिकायला निघाली. तेव्हा माजलगावजवळच्या त्यांच्या घरी आम्ही बायका दोन दिवस नुसती बॅग भरत आणि उपसत होतो. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, मेतकूट, बाजरीच्या खारोड्या... काट्यावर ठेवली की बॅग दोन किलो जास्त. शेवटी लोणचं बाहेर निघालं आणि खारोड्या आत राहिल्या.

बॅगेला वजनाची मर्यादा असते, उपदेशाला नसते. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला काहीतरी सांगून जात होता. मी तर घरातली शिकलेली मामी! बी.ए. झालेली, बचत गटाच्या कामानं चार गावं फिरलेली. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, "हे बघ, तिथं आपल्याच माणसांत राहा गं. परक्यांत फार मिसळू नको. अभ्यास कर आणि नीट परत ये."

मैत्रिणींनो, हा उपदेश मी अगदी मायेनं केला होता. तो किती चुकीचा होता, हे कळायला मला दोन महिने लागले. आज तेच तुम्हाला सांगायचं आहे. कारण आता बीड, अंबाजोगाई, परळी, आष्टीसारख्या गावांतूनही मुली शिकायला बाहेर चालल्या आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, युरोपची इरास्मस मुंडुस शिष्यवृत्ती आहे. उद्या तुमच्याही घरी अशी बॅग भरली जाईल आणि तुमच्याही तोंडून हेच वाक्य निघेल.

आमची भाची परभणीच्या कृषी विद्यापीठाची पदवीधर. पुढचं शिक्षण तिला व्हॅलेन्सिया या शहरात मिळालं. तिथं तिनं माझा शब्द तंतोतंत पाळला. दोन भारतीय मुलींबरोबर खोली घेतली, वरण-भात करून खाऊ लागली. वर्ग इंग्रजीतून होते. वर्ग सुटला की खोली आणि खोलीत मोबाइल. आता गंमत बघा, ही ‘आपली माणसं’ तरी कोण? एक मुलगी आंध्रची, एक पंजाबची. बीडमध्ये शेजारी राहायला आल्या असत्या तर आपण त्यांनाही परक्याच म्हटलं असतं की नाही?

दुकानात गेली की पोरगी बोटानं दाखवायची, हे द्या, ते द्या. "मामी, मी इथं मुकी झाले हो," असं एकदा फोनवर म्हणाली. गावातल्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल आणणारी पोर ही! वर्गातली स्थानिक मुलं घोळक्यात हसत-बोलत जायची. ती हसली की ही पण हसायची, पण का हसतोय ते कळायचं नाही. रोज रात्री फोन, इकडं आई रडायची, तिकडं लेक. आमच्या वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, परत बोलवून घेऊ का हो तिला?"

आणि मग २९ ऑक्टोबर आला. त्या दिवशी व्हॅलेन्सियाच्या परिसरात असा पाऊस कोसळला की ओढ्या-नाल्यांच्या नद्या झाल्या. १९५७ साली तिथं मोठा पूर आला होता. त्यानंतर त्यांनी नदीचं पात्रच शहराच्या दक्षिणेकडून वळवून नेलं. त्यामुळे मुख्य शहर वाचलं, पण पात्रापलीकडची उपनगरं आणि गावं चिखलात गेली. त्या आपत्तीत स्पेनमध्ये दोनशेहून अधिक माणसं दगावली. मोबाइलवर धोक्याचा इशारा आला तो रात्री आठनंतर, तोवर कित्येक गल्ल्यांत पाणी शिरलेलं होतं. आम्ही इकडं टीव्हीवर गाड्यांचे ढीग बघत होतो आणि आमचा जीव टांगणीला लागला होता.

दोन दिवसांनी तिचा फोन आला तो चिखलातूनच. झालं होतं असं, की तिच्या वर्गातल्या एका मुलीचं घर अशाच एका बुडालेल्या गावात होतं. शहरातली हजारो माणसं हातात झाडू, फावडी आणि बादल्या घेऊन पुलावरून चालत पलीकडं निघाली होती. त्यात कॉलेजची पोरं-पोरीच जास्त. वर्गातली एक मेक्सिकोची मुलगी आमच्या भाचीच्या दारात आली, हातात दोन झाडू. काही बोलली नाही, एक झाडू पुढं केला. आमची पोरगी तिच्या मागं निघाली.

मी नेहमीप्रमाणे ओरडले, "तुला कुणी सांगितलं होतं नसत्या ठिकाणी जायला?"

ती म्हणाली, "मामी, किल्लारीच्या वेळी तुम्ही गप्प बसला होतात का?"

माझं तोंडच बंद झालं. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. घरोघरी फिरून भाकरी आणि कपडे गोळा करून आम्ही मुलींनी ट्रक भरले होते. ही गोष्ट मीच तिला लहानपणी दहादा सांगितलेली. तेव्हा मराठवाड्यात मदतीला कुठून कुठून माणसं आली होती. त्यांना कुठं आपली मराठी येत होती?

चिखलाच्या बादल्या हातोहात देणाऱ्या रांगेत आमची पोर स्पॅनिशचे पहिले शब्द शिकली. बार्रो म्हणजे चिखल, एस्कोबा म्हणजे झाडू, पाला म्हणजे फावडं, कुबो म्हणजे बादली, कुइदादो म्हणजे जपून. संध्याकाळी त्या वर्गमैत्रिणीच्या आजीनं हिचा चिखलानं माखलेला चेहरा आपल्या ओढणीसारख्या फडक्यानं पुसला आणि म्हणाली, "ग्रासियास, इखा." हिनं मैत्रिणीला अर्थ विचारला. ग्रासियास म्हणजे धन्यवाद आणि इखा म्हणजे लेकी.

हे ऐकून इकडं वन्सं रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं.

पुढच्या आठवड्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला. गटातल्या एक बाई ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचं, हा आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा शिरस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमचंच चुकलं बघा. मी कर्नाटकात आठ हंगाम काढले. पहिल्या साली कोप्यांवर सगळी आपलीच माणसं. कानडीचं एक अक्षर आलं नाही. लेकरू तापानं फणफणलं तर दवाखान्यात काय सांगावं ते कळंना. दुसऱ्या साली गिरणीवालीशी गोडी लावली. ती मला नीरु, हालु सांगायची, मी तिला पाणी, दूध. तिसऱ्या सालापासून तर तीच मला मुकादमाच्या आधी विचारायची, यंदा कधी आलीस म्हणून."

मी मनात म्हटलं, झालं. माझ्या पदवीला जे कळलं नाही ते या बाईला गिरणीवर दळण दळताना कळलं होतं. भाषा यायची तर आधी कुणाशी तरी गोडी लागावी लागते. पुस्तकानं व्याकरण येईल, पण बोलायचं कुणाशी?

मी हे फोनवर भाचीला सांगितलं. ती हसून म्हणाली, "मामी, याला इथं ‘इंतेरकांबियो’ म्हणतात." म्हणजे देवाणघेवाण. दोघींनी भेटायचं, अर्धा तास तुझी भाषा, अर्धा तास माझी. तिथल्या विद्यापीठांतून अशा जोड्या लावून देतात, कॉफीच्या दुकानांतून अशा बैठकी भरतात. पैसा कुणी कुणाला द्यायचा नाही. हिची जोडी लागली ती त्या पुरातल्या वर्गमैत्रिणीशी. तिला इंग्रजी पक्कं करायचं होतं, हिला स्पॅनिश. थोडक्यात काय, गिरणीवालीचाच हिशोब!

मग हळूहळू पोरीला कळू लागलं की ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला तूच म्हणतात आणि मानाचा ‘तुम्ही’ वेगळा आहे, ‘उस्तेद’. इंग्रजीत साऱ्यांना एकच यू. ‘मला चहा आवडतो’ हे इंग्रजीत ‘मी आवडतो’ अशा थाटात सांगावं लागतं, पण स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल ते’, म्हणजे अगदी ‘मला आवडतो चहा’. त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून. लिहिलेलं बहुतेक तसंच वाचायचं. साखरेला स्पेनमध्ये अथुकार म्हणतात. आपला संस्कृत शर्करा शब्द अरबांच्या तोंडून प्रवास करत तिथं पोचला आणि अथुकार झाला. नारंगीचंही तसंच, तिथं ती नारांखा. आता बोला! ऊस तोडणाऱ्या जिल्ह्यातल्या पोरीच्या आधी तिची साखर तिकडं पोचलेली होती.

फजितीही काही कमी झाली नाही. तिथली मुलं प्राध्यापकांनाही तू म्हणतात, हिच्या जिभेला ते वळेना. चंद्र त्यांच्याकडं स्त्रीलिंगी. "मामी, इथं चांदोबा बाई आहे!" असा तिचा निरोप आला होता. आणि एकदा मैत्रिणीच्या घरी जेवायला गेली असताना हिच्या हातून ग्लास सांडला. मला फार ओशाळल्यासारखं झालंय, असं सांगायचं म्हणून इंग्रजी ‘एम्बॅरस्ड’वरून हिनं आपल्या अंदाजानं शब्द बनवला, ‘एम्बारासादा’. टेबलावर सगळे गप्प. मैत्रिणीच्या आईनं काळजीनं हिचा हात धरला. कारण स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘मी गरोदर आहे’! खरा प्रकार कळल्यावर जे हसू फुटलं त्या हसण्यात म्हणे हिची सगळी भीड निघून गेली. आपल्या मुली शिकतात पुष्कळ, पण चुकीचं बोलायला घाबरतात. चुकलं तर लोक हसतील, ही धास्ती आपणच त्यांच्या मनात पेरलेली असते. हसू देत की! सोबत आपणही हसावं.

त्या मेक्सिकोच्या मुलीशी मैत्री जुळली ती भाकरीवरून. ज्वारीचं पीठ संपलं म्हणून हिनं मक्याच्या पिठाची भाकरी थापायला घेतली. ती बघतच राहिली. तिच्या गावाकडं आजी अशीच हातावर मक्याची तोर्तिया थापते. (स्पेनमध्ये तोर्तिया मागाल तर अंड्या-बटाट्याचं ऑम्लेट पुढ्यात येतं, तो घोळ वेगळाच.) ठेच्याची मिरची, भाजीतला टोमॅटो, आपला मका, हे सगळं मूळचं तिच्या मुलखाकडचं. भाकरी खाता खाता ती म्हणाली, "आमच्या चापिंगोच्या कृषी विद्यापीठात तुमच्या देशातल्या एका प्राध्यापकाचा पुतळा आहे."

ते प्राध्यापक म्हणजे आपले डॉ. पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचे. आपल्या महाराष्ट्राच्या माणसाची आठवण आमच्या पोरीला मेक्सिकोच्या पोरीनं करून द्यावी, हे ऐकून मी शोधून शोधून त्यांच्याविषयी वाचलं. १८८४ सालचा जन्म. स्वातंत्र्याच्या ध्यासानं तरुणपणीच देश सोडला, अमेरिकेत शेतीचं शिक्षण घेतलं, गदर चळवळ उभी करणाऱ्यांत ते होते. तिथं शेतांवर राबणाऱ्या भारतीयांना भेटायला जायचे, तेव्हा मेक्सिकन मजुरांशीही त्यांच्या ओळखी झाल्या. इंग्रज सरकारमुळे मायदेशी येणं अशक्य होतं. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या, मक्यावर स्पॅनिशमधून लिहिलं. दिएगो रिवेरा या तिथल्या थोर चित्रकारानं मेक्सिको शहरातल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. लग्नही त्यांनी बेल्जियमच्या बाईंशी केलं. १९५५ मध्ये ते कुटुंबासह भारतात परतले आणि १९६७ साली नागपूरला वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा बसला २०२२ साली. त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी त्यांचं चरित्र लिहिलं आहे. आता सांगा, हे गृहस्थ ‘आपल्याच माणसांत’ राहिले असते तर मेक्सिकोच्या शेतकऱ्याला कसे कळले असते?

कुणी म्हणेल, ते पुरुष होते. मग आपल्या आनंदीबाई जोशी घ्या. १८८३ साली अठरा वर्षांची ती पोर बोटीनं अमेरिकेला गेली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंशी तिचा आधीपासून पत्रव्यवहार होता. त्यांच्याच घरी ती उतरली. त्यांना ती मावशी म्हणायची. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला तिचा १८८५ चा फोटो तुम्ही पाहिला असेल. आपल्या आनंदीबाई साडीत, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. आनंदीबाईंनी तिथं साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही आणि मैत्रीही नाकारली नाही. १८८६ मध्ये डॉक्टर होऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडं पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीत कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आजही त्यांचं स्मारक आहे. सातासमुद्रापारच्या बाईनं तिला आपल्या घरच्या माणसांत जागा दिली. याहून ‘आपलं माणूस’ कोणतं असतं?

आता तुम्ही म्हणाल, बाई, बोलणं सोपं आहे. पोरगी दूर, वय अडनिडं, कुणी फसवलं तर? नको त्या संगतीला लागली तर? कुणाच्या प्रेमात पडली तर? ही भीती मलाही आहे, ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण एक विचार करा. अडचणीच्या वेळी जिला शेजारीपाजारी कुणीच ओळखत नाही, जिला पोलिसाला किंवा डॉक्टरला धड चार वाक्यं सांगता येत नाहीत, ती मुलगी सुरक्षित की जिच्या चार मैत्रिणी आहेत ती? आणि फसवणारा माणूस काही परकाच असतो असं नाही. आपल्या भाषेत गोड बोलून फसवणारे आपण इथं थोडे का बघितलेत?

सावध जरूर राहावं. पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नये, पैशाचा व्यवहार मैत्रीत आणू नये, नको असेल तिथं ‘नाही’ म्हणायची लाज धरू नये. युरोपात मदतीसाठी ११२ हा नंबर आहे, तो पाठ हवा. जायच्या सहा महिने आधीपासून त्या देशाची भाषा रोज थोडी शिकावी. मोबाइलवर सोय आहे, स्पॅनिशची मान्यताप्राप्त परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस ही संस्था दिल्लीत आहे. आणि आपण आयांनी काय करावं? रोज चार-चार फोन करू नयेत. आमच्या वन्संनी नियम केला, फोन एका वेळीच आणि पहिला प्रश्न ‘जेवलीस का’ हा नाही, तर ‘आज कुणाशी बोललीस?’ हा. सुरुवातीला पोरीकडं उत्तर नसायचं. आता ती सांगायला लागली की वन्संची भाजी करपते.

गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, आपल्याकडं काय झालं ते सांगायला नको. अतिवृष्टीनं नद्या फुगल्या, उभी पिकं आणि खालची मातीसुद्धा वाहून गेली. वन्संचा कापूस गेला, सोयाबीन गेलं, घरात गुडघाभर चिखल. आम्ही तिथं घर धुवत असताना भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या शेजारी ती व्हॅलेन्सियाची मैत्रीण आणि तिची आजी. आजी काहीतरी भराभरा बोलत होती आणि डोळे पुसत होती. भाची सांगू लागली, पण वन्सं म्हणाल्या, "राहू दे, कळलं मला." आजीनं मग कागदावर लिहून आणलेलं एक मराठी वाक्य अडखळत वाचलं. नातीनं अर्ध्या तासाच्या हिश्श्यात तिला शिकवलेलं. "ताई, जपून. आम्ही आहोत."

वन्संच्या हातात खराटा होता. त्यांनी तो वर करून दाखवला आणि लेकीकडून ऐकलेला शब्द म्हणाल्या, "एस्कोबा!"

पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी जर्मनीला निघाली आहे. काल तिची बॅग भरायला गेले होते. खारोड्या दिल्या, पण या वेळी थोड्या जास्त. तिला सांगितलं, "या एकटीनं खाऊ नको गं. शेजारच्या खोलीचं दार वाजव."